बर्फ काढणारे पाहिजेत

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नोकरीच्या जाहिराती चाळल्या, की एक जाहिरात हटकून भेटते: मैदानांची निगा, बागेची आखणी आणि बर्फ काढणे, या तिन्ही कामांसाठी मिळून माणूस पाहिजे. जालन्याच्या वाचकाला ही पाटी 'किराणा, केशकर्तन व कोर्टकचेरी, सर्व एकाच छताखाली' अशी वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे बर्फ काढत नाहीत, आणतात. पोत्यात गुंडाळून, भुसा लावून, सायकलच्या कॅरिअरवर बांधून, रसवंतीपर्यंत पोचेतो निम्मा रस्त्यावर ठिबकवत आणतात. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेलेला असताना 'बर्फ काढा' असं कुणी म्हणालंच, तर त्याचा अर्थ 'पेटीतून लादी काढा' एवढाच होतो. तरीही त्या परदेशी जाहिरातीत वेडेपणा मुळीच नाही. तिकडे उन्हाळ्यात गवत माजतं आणि हिवाळ्यात बर्फ साचतो. ज्या पिकअपमागे जूनमध्ये गवत कापायचं यंत्र लादलेलं असतं, त्याच पिकअपच्या तोंडाला डिसेंबरात बर्फ ढकलायचं पोलादी पातं बसवतात. माणूस तोच, गाडी तीच, गिऱ्हाइकाचं अंगणही तेच. अंगणातून घालवून द्यायची वस्तू तेवढी बदलते. म्हणजे वरकरणी तीन दिसणारे धंदे मुळात एकच आहेत, आणि त्या धंद्याला मराठीत नाव नसलं तरी क्रियापद आहे: काढणे.

या क्रियापदावर मराठी माणसाचा भारी जीव. आपण कर्ज काढतो, सहल काढतो, मिरवणूक काढतो, दिवाळी अंक काढतो, दिवस काढतो, दुपारी डुलकी काढतो आणि ती मोडणाऱ्याची अक्कल काढतो. सरकारी पातळीवर टेंडर, परिपत्रक आणि फोटो काढले जातात. इतकं सगळं काढणारी माणसं जमिनीवर साचलेलं काही काढायची वेळ आली, की मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझं म्हणणं असं, की जमीन राखणं हे सोळा आण्यांतले चौदा आणे काढण्याचं काम आहे. मग ती जमीन शेताची असो, शाळेच्या मैदानाची असो, की बंगल्यापुढच्या बागेची. लावण्याचं काम दोन आण्यांचं. आणि आपण सगळा निधी, सगळी भाषणं आणि सगळे हार त्या दोन आण्यांवर उधळून बसलो आहोत. जालन्याला तर लावण्याचं प्रेम असायचंच. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको काढली (बघा, पुन्हा काढली), त्यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्यांच्यामागून आलेल्या कंपन्यांनी हे गाव बियाण्यांची राजधानी करून सोडलं. पेरण्यावर जगणाऱ्या गावाला खुरपण्याचं महत्त्व सांगायचं म्हणजे हलवायाच्या दारात मधुमेहाचं शिबिर भरवण्यासारखं आहे. पण पुरावे भरपूर आहेत, आणि तेही याच जिल्ह्यातले.

पहिली साक्ष हराळीची. शेतकऱ्याच्या लेखी हराळी म्हणजे मुक्कामी आलेला आणि जायचं नाव न घेणारा पाहुणा. नांगर घातला तर तिचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा पेरापेराशी मुळं धरून नवा संसार थाटतो. भर उन्हात ढेकळं उलथून तिच्या काशा वेचाव्या लागतात, बांधावर वाळवाव्या लागतात आणि तरी पहिल्या पावसाला ती 'मी इथेच होते' म्हणून हजर. भारी काळ्या रानात तिच्या जोडीला कुंदा असतो, ज्याच्या मुळ्या इतक्या खोल, की खणणाऱ्याला आपण विहिरीचं काम घेतलं की काय असं वाटावं. आता हीच हराळी जालना शहरातल्या एखाद्या बंगल्यापुढे 'लॉन' म्हणून चौरस फुटाच्या भावाने अंथरली जाते. आणि हीच भाद्रपदात एकवीसच्या जुडीने गणपतीच्या मस्तकावर चढते. दूर्वा, हराळी, लॉन: वनस्पतिशास्त्रात तिन्हींचं नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. ती उपटायला एक जण पैसे मोजतो, अंथरायला दुसरा मोजतो आणि वाहायला तिसरा. मग लॉन म्हणजे काय? ज्यातून हराळी सोडून बाकी सगळं काढलं आहे असं रान. आणि शेत म्हणजे काय? ज्यातून बाकीच्यांबरोबर हराळीही काढली आहे असं रान. दोन्हीकडे खुरप्याची मेहनत सारखीच. लॉनवाल्याचा माळी लव्हाळ्याशी झगडतो आणि शेतकरीण हराळीशी. तण ही काही वनस्पतीची जात नव्हे. ते आपण तिच्यावर लिहिलेलं शेरेपत्रक असतं.

गाजर गवताची गोष्ट उलटी. ते कुणीच लावलं नाही आणि सगळीकडे आहे. १९५५ च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. गहू केव्हाच पचला, गवत राहिलं, आणि लोकांनी त्याला तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचं नाव देऊन टाकलं. (गव्हाला दिलं असतं तर पक्षाचं भलं झालं असतं, पण नावं ठेवायची ती उरलेल्या वस्तूला, ही आपली रीतच आहे.) आज मोकळा प्लॉट, शाळेची मागची भिंत, मैदानाचा पॅव्हिलियनपासून दूरचा कोपरा, नदीकाठ, कुठेही पाहा: बी विकत न घेता, पाणी न घालता आणि कुणाच्या हस्ते उद्घाटन न होता फुललेली ही जिल्ह्यातली सर्वांत मोठी हिरवळ आहे. २०२३ साली जालन्याची नगरपालिका महानगरपालिका झाली; गाजर गवताने आपली हद्दवाढ त्याच्या कितीतरी आधी करून घेतली होती. त्याच्या बंदोबस्तासाठी दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट असा जागरूकता सप्ताह देशभर पाळतात. गवत पूर्ण जागरूक असतं, ते तेवढ्या आठवड्यात कळ्या धरतं. एक कामगार मात्र या कामावर मनापासून आहे, तो म्हणजे मेक्सिकन भुंगेरा. १९८३ साली त्याला मेक्सिकोहून भारतात आणलं. कृषी विज्ञान केंद्रं तो शेतकऱ्यांना वाटतात. त्याला हजेरीपट नाही, मुकादम नाही, प्रवासभत्ता नाही. पावसाळाभर गाजर गवताची पानं खातो आणि पाऊस ओसरला की जमिनीत शिरून पुढच्या पावसापर्यंत बिनपगारी रजेवर जातो. देशातली नुसती 'काढण्याची' अशी एक जागा भरायची वेळ आली, तेव्हा तीही परदेशी उमेदवाराने पटकावली, कारण स्थानिक अर्ज आला नाही.

आता बर्फाकडे वळू. भारतात खराखुरा बर्फ काढतात ती सीमा सडक संघटनेची माणसं, झोजिलासारख्या खिंडींत. महाराष्ट्राच्या वाट्याला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव येतं, जे गाडीच्या टपावरून नखाने खरवडून दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापलं जातं. जालन्याचा बर्फ या दोन्हींहून वेगळा आहे. तो काळा आहे, आणि त्याला गाळ म्हणतात. तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण नीट पाहा. तोही पावसाबरोबर येतो, तोही दर वर्षी येतो, तोही एका रात्रीत कुणाला न विचारता साचतो आणि तोही न काढल्यास गावाचा व्यवहार ठप्प करतो. फरक आहे तो मुदतीचा. न्यूयॉर्क शहरात दिवसा बर्फ पडायचा थांबला, की ४ तासांच्या आत आपल्या घरापुढचा फुटपाथ घरमालकाने मोकळा करायचा असा कायदा आहे. न केल्यास दंड. आईने 'अंगण झाड' म्हटलं की ज्याला हटकून अभ्यास आठवायचा, तो आपला मराठी मुलगा तिकडे घर घेऊन राहिला की पहाटे कानटोपी घालून निमूटपणे फावडं मारतो. मॉन्ट्रियलमध्ये तर बर्फ ट्रकात भरून एका जुन्या दगडखाणीत नेऊन टाकतात, आणि तो डोंगर उन्हाळा आला तरी पुरता विरघळत नाही. तरी शेवटी विरघळतो. बर्फाचा हा मोठेपणा मानायलाच हवा: माणसाने दुर्लक्ष केलं तरी तो एप्रिल-मेमध्ये आपली तक्रार मागे घेतो. गाळ कधीच मागे घेत नाही. वर, तो दिसत नाही. त्याच्यावर पाणी असतं, पाण्यावर ढगांची प्रतिबिंबं असतात, आणि काठावर तलाव तुडुंब भरल्याबद्दल जलपूजन चाललेलं असतं. आत तलाव बशीसारखा उथळ झालेला असतो. गाळ दिसतो तो थेट दुष्काळात, तळ उघडा पडल्यावर. म्हणून तिकडच्या माणसाचा काढण्याचा हंगाम हिवाळा, आणि आपला दुष्काळ.

घाणेवाडीचा तलाव हे याचं उत्तम उदाहरण. निजामाच्या काळात बेझनजी फरिदुनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने तो झाला, आणि पाणी उंचावरून उताराने शहरात यावं अशी योजना झाली. पंप नको, विजेचं बिल नको. इतकी किफायतशीर सोय कुणी करून ठेवली, की ती राखायची असते हे पुढच्या पिढ्या विसरतात. पुढे गाळ साचत गेला. दुष्काळाच्या वर्षांत शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि गाळ काढायला लागले, आणि मग एक चमत्कार दिसला जो मॉन्ट्रियलच्या महापौरांना स्वप्नातही दिसणार नाही: काढलेला माल न्यायला लोक स्वतःच्या खर्चाने ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे. गाळ म्हणजे रानातून वाहून गेलेली काळी माती. हलक्या रानावर पसरला की पीक तरारतं. २०१७ साली राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली ती नेमकी या हिशोबावर. दुसऱ्याने उचलून फेकलेलं ओझं अंगावर घ्यायला धावणारं गिऱ्हाईक जगातल्या कुठल्याही बर्फवाल्याला मिळालेलं नाही. आणि या तलावाचं नाव काय, तर संत गाडगेबाबा जलाशय. महाराष्ट्राच्या संतमंडळात कुणाच्या हाती वीणा आहे, कुणाच्या हाती टाळ, कुणाच्या हाती चिपळ्या. ज्याच्या हाती खराटा आहे असा हा एकच. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि कीर्तन नंतर. आपण तो क्रम उलटा केला, आणि कीर्तनच लांबल्यामुळे झाडायचं राहून गेलं.

काढण्याच्या कामाला मान नसण्याचं कारण कदाचित मोजमापात आहे. लावलेलं झाड दाखवता येतं, काढलेला गाळ कसा दाखवणार? यावर रोजगार हमीच्या कामांवर फार पूर्वीपासून एक नामी तोड चालत आली आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला आणि माती उपसायला लोटली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या त्या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या कामांवर माती खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात. त्याच्या डोक्यावर जुनं गवत वाळलेलं असतं, कधी एखादं रुईचं झुडूपही असतं. भोवतीची जमीन कंबरभर खाली गेलेली आणि हा आपला मध्येच उभा, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा. मोजणीदार येतो, टेप खांबाला लावतो, खोली लिहून घेतो, आणि त्यावरून आठवड्याची मजुरी ठरते. काढलेलं किती, हे न काढलेल्यावरून मोजायचं. (खांबाच्या डोक्यावर रात्री चार टोपली माती टाकून खोली वाढवण्याचे प्रयोगही महाराष्ट्राने पाहिले आहेत, विज्ञानाची आवड आपल्याकडे उपजतच आहे.)

खरा बर्फही जालन्यात पडतो, नाही असं नाही. त्याला गारा म्हणतात, आणि त्याच्यावर विनोद करताना हात आखडता घ्यावा लागतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर दिवसच्या दिवस गारपीट झाली. ११ फेब्रुवारी २०१८ च्या रविवारी सकाळी जालना जिल्ह्यात झाली, उभा गहू आडवा झाला, द्राक्षं झडली, माणसंही दगावली. 'काश्मीरचा भास' असल्या मथळ्यांचा मोह दर खेपेला कुणाला ना कुणाला पडतो. मथळा लिहिणाऱ्याची बाग त्या शिवारात नसते. पण काढण्याच्या दृष्टीने या बर्फाची एक अजब गंमत आहे. न्यूयॉर्कच्या घरमालकाने तो ४ तासांत हटवायचा असतो. जालन्याच्या शेतकऱ्याने तो पंचनामा होईपर्यंत जपायचा असतो. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येईतो पुरावा वितळून ओढ्याला लागलेला असतो. विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलंय हे दाखवायचं (२०१५ पर्यंत ५० टक्के दाखवावं लागे, म्हणजे अर्धवट बुडालेला माणूस तेव्हा कागदोपत्री कोरडाच असे), आणि दाखवायचं ते वितळून गेलेल्या गोष्टीच्या आधारे.

आता दोन आण्यांच्या कामाकडे. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायची लक्ष्यं होती. दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लावतात हा विनोद आता इतका जुना झाला आहे, की एव्हाना त्याच्याच सावलीत बसता येईल. तो इथे नको. माझा मुद्दा वेगळा आहे. जांब समर्थ हे गाव याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे; १६०८ साली रामदासांचा जन्म तिथे झाला. रामदासांच्या नावावर 'बागप्रकरण' म्हणून एक रचना आहे, आणि ती बागेत कोणती झाडं असावीत याची चक्क यादी आहे. ही यादी गुलाब-मोगऱ्यापासून सुरू होईल अशी आपली अपेक्षा. होते काटेरी झाडांपासून: चिलार, सागरगोटी, हिवर, खैर अशी फाटक्या तोंडाची मंडळी पहिल्या ओळींतच ठाण मांडून बसलेली. हा माणूस मराठवाड्यातला, हे तेवढ्यावरून ओळखावं. इथे बागेचा नकाशा आर्किटेक्ट काढत नाही, शेळी काढते. तिला जे आवडतं ते राहत नाही, जे आवडत नाही ते टिकतं. हमरस्त्यांच्या दुभाजकांवर मैलोन्‌मैल कण्हेर आणि बोगनवेल का दिसते, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधू नये. कण्हेर विषारी आहे आणि बोगनवेलीला काटे आहेत. गावोगावच्या ट्री-गार्डवर दात्याचं नाव ठळक अक्षरांत असतं, आत वाळकी काडी असते, आणि जाळीतून मुंडी घालून शेवटचं पान खाणारी शेळी असते. झाडाला पाणी मिळालं नाही तरी नाव पावसात धुऊन निघू नये म्हणून ऑइलपेंटचे दोन हात दिलेले असतात.

यावर पहिला आक्षेप येणार: मग झाडं लावूच नयेत का? लावावीत की. पण लावलेलं झाड जगवणं म्हणजे काय, हे मोसंबीवाल्याला विचारावं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि या बागेतलं वर्षभराचं काम ऐकलं तर त्यात 'लावणे' हे क्रियापद पहिल्या वर्षानंतर येतच नाही. बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. झाडाला मरणाची भीती घातल्याशिवाय ते फुलत नाही. मग खोडावर फुटलेले पाणसोट काढायचे, जे खातात भरपूर आणि फळ एक देत नाहीत. (पाणसोट दर घराण्यात असतात, बागेत ते कापता येतात.) तोडणी झाली की सल काढायची. सल म्हणजे वाळलेली बारीक काडी, जी झाडावर राहिली तर तिच्यातून रोग आत उतरतो. माणसाच्या मनात राहिलेल्याला हाच शब्द आपण वापरतो, पण ती काढायला अजून कात्री निघालेली नाही. एवढं सगळं करूनही २०१२-१३ च्या दुष्काळात बागा वाळल्या, लोकांनी टँकरच्या पाण्यावर झाडं धरून ठेवली, आणि जी धरली नाहीत ती बुंध्यापासून तोडून काढली. वीस-वीस वर्षं राखलेली झाडं काढणं हे या धंद्यातलं सर्वांत जड काम, आणि त्याचा फोटो काढायला कुणी गेलं तरी ज्याची बाग होती तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक: जिथे नळाला किती दिवसांनी पाणी येतं याचं पंचांग मांडावं लागतं, तिथे मैदानाची निगा हे श्रीमंती चोचले नव्हेत का? मैदानाची निगा म्हणजे स्प्रिंकलर आणि लॉन, असं धरलं तर चोचलेच. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा ठोकताळा आहे की एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. कोळप्याने वरचा पापुद्रा फुटला, भेगा बुजल्या, तण निघालं, की जमिनीतली ओल जमिनीत राहते. म्हणजे इथे काढणं हीच पाणी घालण्याची रीत आहे. याच जिल्ह्यातल्या कडवंचीला नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम झालं आणि पुढे गावभर शेततळी झाली. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं. शेततळं म्हणजे तरी काय, काढून टाकलेल्या मातीची जागाच ना? दुष्काळी भागातलं एक गाव आपल्या खड्ड्यांच्या बळावर वर आलं. खड्ड्यांच्या बाबतीत आपल्या रस्त्यांचाही साठा मोठा आहे, पण तिथे द्राक्षं येत नाहीत.

तिसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा: काढायला अक्कल कसली लागते? सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या रानात खुरपणाऱ्या बाईकडे दोन मिनिटं पाहावं. ती उकिडवी बसलेली असते आणि बसल्याबसल्या पुढे सरकत असते. डाव्या हाताने पिकाचं पान बाजूला सारते, उजव्या हातातलं खुरपं मुळाच्या बोटभर अलीकडे घालते, मनगटाला एक झटका, केना बाहेर. रोप आणि तण तेव्हा दोन-दोन पानांची असतात आणि जुळ्या बहिणींसारखी दिसतात. तरी तिचा हात चुकत नाही, तोंडाने शेजारणीच्या सुनेचा विषय चालू असताना चुकत नाही. त्यातून तांदुळजा आणि घोळ वेगळी काढून ओच्यात टाकते, म्हणजे कामाच्या कामात संध्याकाळची भाजी. बर्फातून आजवर कुणाची भाजी निघालेली ऐकिवात नाही. या कसबाला आपण 'अकुशल' असं म्हणतो आणि तसं छापील फॉर्मवर लिहितो. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसतात, म्हणजे मध्ये नदीला उतार असणारच, एवढं ओळखल्याबद्दल इंग्रज सेनापती वेलस्लीला २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईचं श्रेय आजतागायत मिळतं. ती असई याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या कुठल्याही बाईने त्याला फुकट सांगितलं असतं की उतार आहे, शिवाय दोन्ही गावांत सोयरीकही आहे. मैदान मारणाऱ्याचा पुतळा होतो. त्याच मैदानावरून पुढची दोनशे वर्षं पऱ्हाट्या उपटणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

उरला यंत्राचा आक्षेप: जेसीबी आहे ना. आहे, आणि एका दिवसात शंभर माणसांचं काम करतो हेही खरं. पण जेसीबी सांगितलेलं काढतो तसं न सांगितलेलंही काढतो. वेडी बाभूळ काढायला आणलेला करंज काढून जातो, गाळ काढायला आणलेला गाळाखालचा मुरूम खरवडतो आणि तलावाचं पाणी मग खाली झिरपत बसतं. मॉन्ट्रियललाही अजस्र यंत्रं आहेत, तरी दाराच्या पायऱ्यांवरचा बर्फ माणूसच फावड्याने काढतो, कारण पायरी कुठे संपते आणि बर्फ कुठे सुरू होतो हे यंत्राला कळत नाही. आपल्याकडे हे कळणारा एक माणूस सरकारी खात्यात होता. त्याला मैलकुली म्हणत. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्याच्या अंगावर असे: कडेचं गवत काढायचं, चर मोकळा करायचा, खड्डा लहान असताना बुजवायचा, वडाच्या पारंब्या गाड्यांना लागू द्यायच्या नाहीत. कॅनडातल्या जाहिरातीत मागतात तो नेमका हाच माणूस, बर्फाचा मजकूर तेवढा वगळून. आता ही कामं ठेक्याने निघतात, आणि ठेका खड्डा मोठा झाल्यावरच परवडतो.

तेव्हा जालना जिल्ह्यासाठी ही जाहिरात मराठीत काढायची झाली, तर मसुदा साधारण असा होईल. पाहिजेत: काढणारे, स्त्री अथवा पुरुष. पदसंख्या: जेवढं साचलं आहे तेवढी. अर्हता: दोन पानांचं रोप आणि दोन पानांचं तण बोलता बोलता ओळखता येणे, हराळी कुठे उपटायची, कुठे अंथरायची आणि कुठे वाहायची हे जागा पाहून ठरवता येणे. शेळ्यांशी वाटाघाटीचा अनुभव असल्यास प्राधान्य. खुरपं, फावडं व टोपलं स्वतःचं आणावं. छायाचित्रकार आणू नये. मेक्सिकन भुंगेऱ्यांनी अर्ज करू नये, त्यांच्या जागा भरलेल्या आहेत. गाळ काढताना मोजमापाचा खांब राखावा व त्याच्या डोक्यावर माती टाकू नये. आकाशातून बर्फ पडल्यास तो काढणे उमेदवारावर बंधनकारक राहील. मात्र गारा असतील तर पंचनामा होईपर्यंत त्यांना हात लावू नये, आणि पंचनाम्याआधी त्या वितळल्यास तसं दोन प्रतींत लेखी कळवावं.